गोदामं भरलेली होती, मग लॉकडाऊनमध्ये चुली का विझल्या?

२४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले, २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला आणि चार तासांनी देश बंद झाला. पुढचे दोन-तीन महिने जरा आठवून बघा. वाण्याच्या दुकानासमोर चुन्याने आखलेले गोल, इन्स्टाग्रामवर डालगोना कॉफी आणि बातम्यांमध्ये डोक्यावर बोचकं, कडेवर पोर घेऊन हायवेने चालत निघालेली माणसं.

ही माणसं का निघाली? काम गेलं होतं आणि काम नसताना शहरात खायचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

पण इथं एक गोष्ट खटकते. त्याच मार्च महिन्यात भारतीय अन्न महामंडळाच्या, म्हणजे एफसीआयच्या साठ्यात ७ कोटी ७० लाख टन धान्य होतं. अडीअडचणीसाठी जेवढा साठा ठेवायचा नियम आहे, त्याच्या तिपटीहून हे जास्त. त्या वर्षी देशात २९ कोटी टनांहून अधिक धान्य पिकलं होतं. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था २४ टक्क्यांच्या आसपास आकसली, तेव्हाही शेती क्षेत्र वाढतच होतं.

म्हणजे पाऊस पडला नाही, पीक आलं नाही, धान्य संपलं, असं काहीच झालं नव्हतं. तरीही अझीम प्रेमजी विद्यापीठाने एप्रिल-मे २०२० मध्ये १२ राज्यांतल्या सुमारे ५ हजार लोकांशी फोनवर बोलून पाहणी केली, तेव्हा ७७ टक्के कुटुंबांनी सांगितलं की घरात आधीपेक्षा कमी खाल्लं जातंय.

गोदामात धान्य आणि घरात भूक, हे दोन्ही एकाच वेळी कसं शक्य झालं? आणि हा विषय आज परत काढायचं कारण काय? समजून घेऊया.

उपासमारीच्या आधीच्या पायऱ्या

'अन्न असुरक्षा' हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर हाडांचा सापळा झालेलं मूल येतं. पण ती शेवटची पायरी आहे. त्याच्या आधी बऱ्याच पायऱ्या असतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना ही असुरक्षा मोजण्यासाठी आठ प्रश्न विचारते. पैसे किंवा इतर साधनं नाहीत म्हणून खायला पुरेल की नाही याची काळजी वाटली का? सकस खाणं परवडलं नाही, असं झालं का? ठरावीकच चार गोष्टी खाव्या लागल्या का? एखादं जेवण टाळावं लागलं का? हवं त्यापेक्षा कमी खाल्लं का? घरातलं अन्न संपलं का? भूक असून जेवला नाहीत, असं झालं का? आणि शेवटचा प्रश्न, दिवसभर काहीच न खाता राहिलात का?

हे प्रश्न आपल्याकडच्या घरात नेऊन ठेवले की चित्र लगेच स्पष्ट होतं. आधी दूध बंद होतं आणि चहा कोरा होतो. मग अंडी, फळं, मटण-मासे जातात. वरणात पाणी वाढतं. भाजीच्या जागी चटणी येते. वाण्याची उधारी वाढते, मग वाणी मागची बाकी मागतो. मग कानातलं गहाण पडतं. त्यानंतर मोठी माणसं एका वेळेवर येतात आणि सगळ्यात शेवटी मुलांच्या ताटातलं कमी होतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये अन्न अधिकार अभियानाने 'हंगर वॉच' नावाची पाहणी केली. ११ राज्यांतल्या जवळपास ४ हजार लोकांशी बोलणं झालं. ही पाहणी मुद्दाम गरीब आणि वंचित वस्त्यांमध्ये केलेली होती, त्यामुळे हे आकडे अख्ख्या देशाचे समजायचे नाहीत. पण त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. गहू-तांदूळ खाणं कमी झालं असं सांगणारे ५३ टक्के होते, डाळ कमी झाली म्हणणारे ६४ टक्के आणि हिरव्या भाज्या कमी झाल्या म्हणणारे ७३ टक्के. खाण्यासाठी उसनवारी करण्याची गरज वाढली, असं ४५ टक्क्यांच्या आसपास लोकांनी सांगितलं.

लक्षात घ्या, ही पाहणी लॉकडाऊन उठल्यानंतरची आहे. दुकानं उघडली होती, बाजार भरत होते. तरीही ताट पहिल्यासारखं झालं नव्हतं.

हातावर पोट, म्हणजे किती दिवसांचं?

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' हे पुस्तक लिहिलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करताना त्यांचं म्हणणं असं होतं की माणसं उपाशी मरतात ते दरवेळी अन्न संपतं म्हणून नव्हे, तर ते मिळवण्याचं साधन त्यांच्या हातून जातं म्हणून. साधन म्हणजे मजुरी, जमीन, विकायला असलेला माल किंवा सरकारकडून मिळणारा हक्क. यातलं एकही नसेल, तर दुकान भरलेलं असो की गोदाम, काही फरक पडत नाही.

लॉकडाऊनमध्ये पहिला घाव मजुरीवर बसला.

आपल्याकडे 'हातावर पोट' असं सहज म्हटलं जातं. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, रिक्षावाला, घरकाम करणाऱ्या मावशी, हातगाडीवाला, केटरिंगची मुलं. यांच्या घरात किराणा महिन्याचा नसतो, आठवड्याचा किंवा त्याच दिवसाचा असतो. काम थांबल्यावर अशा घरात किती दिवसांचं धान्य असेल?

याचं उत्तर अडकून पडलेल्या कामगारांना मदत करणाऱ्या 'स्वान' या गटाच्या नोंदींमध्ये मिळतं. लॉकडाऊनच्या पहिल्या तीन आठवड्यांत त्यांनी ११ हजारांहून जास्त कामगारांशी फोनवर बोलणं केलं. त्यातल्या निम्म्या लोकांकडे एका दिवसाचंही रेशन उरलेलं नव्हतं. ९६ टक्क्यांना सरकारकडून धान्य मिळालं नव्हतं आणि ८९ टक्क्यांना मालकाने लॉकडाऊनच्या काळातला पगार दिला नव्हता. म्हणजे ज्यांनी फोन करून मदत मागितली, त्यातल्या निम्म्यांकडे २१ दिवस काढण्यासाठी एक दिवसाचाही शिधा नव्हता.

बाईच्या मजुरीवर हा घाव जास्त खोल गेला. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालानुसार, महामारीच्या पहिल्या वर्षात काम गेलं आणि वर्षअखेरीपर्यंत परत मिळालंच नाही, अशा पुरुषांचं प्रमाण ७ टक्के होतं. बायकांमध्ये ते ४७ टक्के होतं. मुंबई-पुण्यात किती सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना महिनोन्महिने गेटच्या आत घेतलं नाही, हे आठवलं की हा आकडा कुठून आला ते कळतं. गरीब घरात बाईची कमाई बहुतेक वेळा सरळ किराण्यात जाते. ती थांबली की पहिला परिणाम डब्यांवर दिसतो.

कार्ड गावाला, माणूस शहरात

मजुरी गेली तरी सरकारी हक्काचं धान्य होतंच की, मग ते का मिळालं नाही?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार देशातल्या ८१ कोटींहून अधिक लोकांना दर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळायची तरतूद आहे. अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो. २६ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊन लागल्यावर दोनच दिवसांत केंद्राने पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजना जाहीर केली. नेहमीच्या धान्याशिवाय माणशी आणखी ५ किलो धान्य फुकट आणि कुटुंबामागे १ किलो डाळ. योजना मोठी होती, वेळेवर जाहीर झाली आणि कोट्यवधी घरांना तिने तारलं, हे मान्य करायलाच हवं.

पण ती मिळणार कोणाला? ज्याचं कार्ड त्याच दुकानाला जोडलेलं आहे त्याला.

'एक देश एक रेशन कार्ड' ही योजना तेव्हा अर्धवट होती. महाराष्ट्र जानेवारी २०२० मध्ये त्यात आला होता. उत्तर प्रदेश आणि बिहार मात्र १ मे २०२० ला जोडले गेले. म्हणजे भिवंडीच्या यंत्रमागावर किंवा पुण्याच्या बांधकामावर काम करणाऱ्या बिहारी मजुराला लॉकडाऊन लागला त्या दिवशी इथल्या दुकानात धान्य मिळण्याची सोयच नव्हती. शिवाय कार्ड एक आणि कुटुंब दोन जागी, हा घोळ वेगळाच. कार्ड गावी बायको-आईकडे असतं. तिने तिथे सगळं धान्य उचललं तर इथल्या माणसाच्या वाट्याला काय येणार?

हे फक्त परप्रांतीयांचं झालं, असंही नाही. बीड, नगर, जालन्याकडचे ऊसतोड कामगार तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. संख्या लाखाहून जास्त. माणसं कोल्हापूर-सांगलीत, कार्ड बीडमध्ये. एप्रिलच्या मध्यावर राज्य सरकारने त्यांना गावी जायची परवानगी दिली, तोपर्यंत कोपीत जे होतं त्यावर दिवस निघाले.

८ मे २०२० ची पहाट बहुतेकांना आठवत असेल. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर रेल्वे रुळांवरून चालत भुसावळकडे निघाले होते. थकून रुळांवरच झोपले. करमाडजवळ मालगाडीखाली १६ जण गेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो होता. वाटेत खायला मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी चपात्या बरोबर बांधून घेतल्या होत्या.

त्याच मे महिन्यात केंद्राने कार्ड नसलेल्या ८ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांचं धान्य जाहीर केलं. तोवर लॉकडाऊनला सात आठवडे होऊन गेले होते आणि ज्यांच्यासाठी ते धान्य होतं, त्यातले बरेच जण रस्त्यावर किंवा श्रमिक ट्रेनमध्ये होते. पुढे २९ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना ३१ जुलैपर्यंत 'एक देश एक रेशन कार्ड' लागू करायला सांगितलं. म्हणजे पहिल्या लॉकडाऊननंतर सव्वा वर्षाने.

गरीब कोण, हे ठरवणारी जुनी यादी

आता मुद्दा त्यांचा, ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं किंवा कार्ड असून धान्य मिळत नव्हतं.

अन्न सुरक्षा कायद्यात किती लोक घ्यायचे, याची मर्यादा ठरलेली आहे. ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरात ५० टक्क्यांपर्यंत. पण हे टक्के २०११ च्या जनगणनेवर लावलेले आहेत. २०११ नंतर लोकसंख्या वाढली, कोटा तोच राहिला. ज्यां द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी २०२० मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या एका कारणामुळे १० कोटींहून जास्त लोक कायद्याच्या बाहेर राहिल्याचं दिसलं.

महाराष्ट्राचा कोटा ७ कोटींच्या आसपास आहे. ग्रामीण भागात ७६ टक्के लोक, शहरात ४५ टक्के. आणि उत्पन्नाची अट? शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत आणि गावात ४४ हजारांच्या आत.

५९ हजार म्हणजे दिवसाला १६१ रुपये. घरात पाच माणसं असतील तर माणशी ३२ रुपये. महिन्याला ८ हजार कमावणारा वॉचमन या अटीत बसत नाही. म्हणजे कागदावर तो 'गरीब' नाही. त्याला केशरी कार्ड मिळतं, ज्याची मर्यादा १ लाखापर्यंत आहे. पण यादीबाहेरच्या केशरी कार्डावर, काही दुष्काळी जिल्ह्यांतले शेतकरी सोडले, तर नेहमीचं स्वस्त धान्य तेव्हा मिळत नव्हतं. ते कार्ड पत्त्याचा पुरावा म्हणूनच जास्त वापरलं जायचं.

लॉकडाऊनने नेमकं याच लोकांना खाली ओढलं. काल ८ हजार कमावणारा माणूस आज शून्यावर आला, पण यादीत तो अजूनही 'बरा' होता. राज्य सरकारने मे आणि जून २०२० साठी यादीबाहेरच्या केशरी कार्डधारकांना माणशी ५ किलो धान्य दिलं. गहू ८ रुपये, तांदूळ १२ रुपये किलो. अशा लोकांची संख्या होती ३ कोटींच्या घरात! राज्याच्या जवळपास चौथा हिस्सा लोक एका महिन्यात मदतीच्या रांगेत येऊ शकतात, हे त्या आदेशातूनच दिसतं.

याच्याही खाली ज्यांच्याकडे कसलंच कार्ड नाही असे लोक आहेत. पालावर राहणारे भटके-विमुक्त, वीटभट्टीवरची कातकरी कुटुंबं, फुटपाथवर राहणारी माणसं, तृतीयपंथी, देहविक्री करणाऱ्या स्त्रिया. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता शिधा द्या. गरिबी इथे पैशांची होतीच, पण त्याच्या जोडीला पत्ता नसणं, जात आणि समाजाने धरलेलं अंतर हेही होतं.

५ किलोत काय होतं?

समजा, कार्ड आहे, नाव आहे, धान्य मिळालं. मग प्रश्न सुटला का?

५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६७ ग्रॅम. पाच-सहा चपात्या किंवा दोन वेळचा बेताचा भात. भारतात माणूस महिन्याला सरासरी १० किलोच्या आसपास धान्य खातो. म्हणजे नेहमीच्या रेशनमध्ये निम्मा महिना निघतो. कोरोनाकाळात वरचे ५ किलो मिळाले तेव्हा धान्याची बाजू बऱ्यापैकी भरून निघाली. हंगर वॉचच्या आकड्यांत गहू-तांदळाची घट सगळ्यात कमी आणि भाजीची सगळ्यात जास्त का होती, त्याचं एक कारण हेच असावं.

पण नुसतं धान्य शिजत नाही. त्याला गॅस लागतो, तेल लागतं, मीठ-मिरची लागते. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, खाद्यतेल-तूप गटाचे किरकोळ दर वर्षभरापूर्वीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त चढलेले होते. मुंबईत घरगुती सिलिंडर नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांना होता, तो मार्च २०२१ मध्ये ८१९ रुपयांवर गेला. डाळीचं म्हणाल तर २०२० मध्ये गरीब कल्याण योजनेत मिळणारी कुटुंबामागची १ किलो डाळ २०२१ मध्ये योजना परत सुरू झाली तेव्हा त्यात नव्हती.

रोख मदत होती, पण थोडी. महिलांच्या जनधन खात्यात महिन्याला ५०० रुपये, तीन महिने. एका सिलिंडरचेही पैसे त्यातून धड निघत नव्हते. म्हणून घराघरांत एकच चित्र दिसलं, पोट भरतंय, पण ताटात भात-चपातीशिवाय काही नाही.

शाळा बंद म्हणजे एक जेवण बंद

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा चर्चा ऑनलाइन शिक्षणाची झाली. पण देशातल्या ११ कोटींहून जास्त मुलांसाठी शाळा हे दुपारच्या जेवणाचंही ठिकाण होतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्याचं आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅमचं शिजवलेलं अन्न, सोबत डाळ-भाजी.

१८ मार्चलाच, म्हणजे लॉकडाऊनच्याही आधी, सर्वोच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांना विचारलं की मुलांच्या जेवणाचं काय करणार? मग बऱ्याच ठिकाणी तांदूळ-डाळीचा कोरडा शिधा घरी दिला गेला. अंगणवाडीचाही आहार घरपोच झाला.

इथं एक बारीक फरक पडतो. शाळेत शिजलेली खिचडी त्या मुलाच्याच पोटात जाते. घरी आलेला तीन किलो तांदूळ घरातल्या मोठ्या पातेल्यात जातो आणि पाच-सहा जणांत वाटला जातो. यात आईबापाची चूक नाही. घरात सगळेच अर्धपोटी असताना एकाच्या नावाचा तांदूळ बाजूला कोण ठेवणार?

आणि ही मुलं आधीच कुठे होती ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. महाराष्ट्रातली ही पाहणी २०१९ मध्येच पूर्ण झाली होती. म्हणजे हे आकडे कोरोनाच्या आधीचे आहेत.

घरातही सगळे सारखे उपाशी नसतात

अन्न असुरक्षेची आकडेवारी बहुतेकदा 'कुटुंब' धरून केली जाते. पण कुटुंबात पातेलं एक असलं तरी वाढप सारखं नसतं.

आधी पुरुष, मग मुलं, मग म्हातारी माणसं आणि शेवटी घरची बाई. अन्न भरपूर असताना या क्रमाने फार बिघडत नाही. अन्न कमी पडलं की सगळी तूट शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला येते. 'मला आज भूक नाही' हे वाक्य आपल्यापैकी कित्येकांनी आईच्या तोंडून ऐकलेलं असेल. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, हा आकडाही २०१९ चाच.

जगभर हेच दिसलं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०१९ मध्ये मध्यम ते तीव्र अन्न असुरक्षेचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा ६ टक्क्यांनी जास्त होतं. २०२० मध्ये हे अंतर १० टक्के झालं.

मग उपयोग कशाचा झाला?

सगळंच फसलं, असं म्हणणं चुकीचं ठरेल. काही गोष्टींनी खरंच काम केलं आणि त्यांच्यात एक साम्य आहे.

पहिली म्हणजे रोजगार हमी. ही कल्पना मूळची महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे लाखो लोक दुष्काळी कामांवर होते. त्या पिढीला मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी अजून आठवते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं आणि २००५ मध्ये देशभराचा कायदा झाला. २०२०-२१ मध्ये गावी परतलेल्या मजुरांनी या कामांवर गर्दी केली. ६१,५०० कोटींच्या तरतुदीत आणखी ४० हजार कोटी घालावे लागले आणि वर्षभरात ११ कोटींहून जास्त लोकांनी काम केलं. मागेल त्याला काम, यादीत नाव हवंच असं नाही. पण शहरांसाठी असा कायदा नव्हता आणि लॉकडाऊनचा सगळ्यात मोठा फटका शहरातल्याच मजुराला बसला होता.

दुसरी म्हणजे शिवभोजन थाळी. २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली, मार्चअखेर ५ रुपयांवर आणली गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध लागले तेव्हा फुकट दिली गेली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. केंद्रांची संख्या मर्यादित होती, रोजचा कोटा ठरलेला होता. पण थाळी घेणाऱ्याला रेशन कार्ड दाखवावं लागत नव्हतं.

तिसरं उदाहरण केरळचं. तिथे एप्रिल २०२० मध्ये पिवळं-पांढरं असा भेद न करता सगळ्या कार्डधारक कुटुंबांना १७ वस्तूंचं किट दिलं गेलं. त्यात तेल, डाळ, मीठ, साखर, मसालेही होते.

या तिन्हींमध्ये 'तू पात्र आहेस का' हा प्रश्न एक तर विचारलाच गेला नाही किंवा फार कमी विचारला गेला. संकटात यादी तपासत बसलं की वेळ जातो आणि भूक वेळ देत नाही. याचं उलटं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. आदिवासी भागात पावसाळ्यात काम नसतं, तेव्हा घर चालवायला 'खावटी' द्यायची जुनी पद्धत. बंद पडलेली ही योजना २०२० च्या पावसाळ्यात परत जाहीर झाली. साडेअकरा लाख कुटुंबांना ४ हजार रुपये, अर्धे खात्यात, अर्धे वस्तूंच्या रूपात. पण लाभार्थी ठरवणं, खाती तपासणं, वस्तूंची खरेदी यात वेळ गेला आणि किट हातात पडेपर्यंत २०२१ उजाडलं. ज्या पावसाळ्यासाठी खावटी होती, तो पावसाळा निघून गेला होता.

हा विषय आज का?

कारण ती जुनी यादी अजून तीच आहे.

२०२१ च्या जनगणनेचा पहिला टप्पा १ एप्रिल २०२० ला सुरू होणार होता. लॉकडाऊनमुळे तो पुढे ढकलला गेला. म्हणजे यादी किती जुनी आहे हे ज्या महामारीने दाखवलं, तिच्यामुळेच ती नवी करायचं काम थांबलं. आता जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे.

दरम्यान, जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षेचं नेहमीचं ५ किलो धान्य फुकट झालं आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं ते फुकट राहील असं ठरलं. कोरोनाकाळातले वरचे ५ किलो मात्र डिसेंबर २०२२ नंतर बंद झाले. म्हणजे यादीत असलेल्याला धान्य स्वस्ताचं फुकट झालं, पण यादी वाढली नाही. ई-श्रम पोर्टलवर नोंद झालेले ८ कोटींच्या आसपास कामगार रेशनच्या यादीत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. त्यांना कार्ड द्या, असं न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२४ मध्ये परत सांगावं लागलं.

नवी जनगणना झाली म्हणून कोटा आपोआप वाढणार नाही. आकडे आल्यावर केंद्राला राज्यांचा नवा कोटा ठरवावा लागेल आणि मग राज्यांना नवी नावं घ्यावी लागतील. महाराष्ट्राला ५९ हजार आणि ४४ हजारांच्या अटीचं काय करायचं तेही ठरवावं लागेल. तेलाची पिशवी आणि खोलीचं भाडं कुठच्या कुठे गेलं असताना ही अट जुन्याच आकड्यावर राहिली, तर कोटा वाढूनही वॉचमन बाहेरच राहील.

तुमच्या हातात दोन साध्या गोष्टी आहेत. घरातल्या रेशन कार्डावर सगळ्यांची नावं आहेत का, ई-केवायसी झाली आहे का, हे 'मेरा राशन' ॲपवर किंवा दुकानात जाऊन तपासा. तक्रार असेल तर १९६७ हा हेल्पलाइन नंबर आहे. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, शेजारच्या साइटवरचा मजूर यांना एकदा विचारा की तुमचं कार्ड इथे चालतं का? गावचं कार्ड इथल्या दुकानात चालतं, हे कित्येकांना आजही माहीत नाही.

जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा या लोकांच्या खोलीत, पालावर आणि साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्येही तो जातोय ना, याकडे लक्ष ठेवा. पुढच्या संकटात धान्य कोणाच्या घरी पोहोचेल, हे त्याच्या नोंदींवर बरंच अवलंबून असेल.